भोजराजची चमक कुठे गेली

नवऱ्याच्या पाठीत लात मारण्याआधी मैनाबाईनं त्याच्या पाया पडून घेतलं. मारून झाल्यावर पुन्हा एकदा पडली. मधल्या वेळात जी लात बसली ती इतकी हळुवार होती, की दारात उभी राहून बघणारी श्रुतिका फिदकन हसली. "आई, ये लात है या मालिश?"

पोरीला हसू येणारच. मैनाबाईच्या मात्र हातापायांना घाम फुटला होता. नवऱ्याला पाय लावला तर पाप, आणि नाही लावला तर साऱ्या गावाची दुखणी उतरवणाऱ्या बाईच्या घरात तिचाच माणूस कण्हत पडलेला. दोन दिवस ती नाही नाही म्हणत होती. शेवटी भोजराजच वैतागला.

"साऱ्या जगाले लात मारतं तू," तो म्हणाला. "मंग मीच काय पाप केलं?"

मैनाबाई पायाळू होती. म्हणजे जन्माला येताना डोकं आधी न येता पाय आधी आले होते. अशा माणसाच्या पायात गुण असतो, पाठीत चमक भरली किंवा कंबर लचकली तर त्याची लात खाल्ली की उतरते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. पायाळू माणसाच्या वाट्याला आणखीही बरंच काही येतं. मैनाबाईचं माहेर राजेगावचा पूल ओलांडून पलीकडे, महाराष्ट्रात. तिथं लहानपणी आभाळ गडगडलं की आजी तिला मधल्या खोलीत कोंडून अंगावर घोंगडी टाकायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. एकदा तर कुठलासा बुवा दारात येऊन उभा राहिला होता. या पोरीच्या डोळ्यांत काजळ घालू द्या, जमिनीतलं धन दिसतं, असं म्हणत होता. मैनाबाईच्या बापानं काठी काढली तेव्हा त्या बुवाला धन सोडाच, चप्पलही दिसली नाही.

लग्न होऊन ती मध्य प्रदेशात, किरनापुरच्या बाजूला आली आणि सासरचं गाव तिच्यापेक्षा तिच्या उजव्या पायावर जास्त खूश झालं. तिची रीत ठरलेली होती. माणसानं सूर्य उगवायच्या आत यायचं, तोंडातून अवाक्षर न काढता उंबऱ्यावर पाठ करून बसायचं, लात खायची आणि मागं न बघता निघून जायचं. तीन सकाळी, पाच सकाळी, फार तर सात. ती कुणाकडून चहासुद्धा घ्यायची नाही. घेतलं की गुण जातो म्हणे. लचक तशीही पाच-सात दिवसांत आपली आपण उतरते, हे मैनाबाईला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला गेला असता तर त्याला लातेशिवायच पाठ धरून परत जावं लागलं असतं. बाई मनानं सोनं, पण तोंडानं तिखट. आपल्या पायाचा तिला अभिमान होता. का नसावा? जेमतेम चौथी शिकलेल्या, धानाच्या बांधीत जन्म काढलेल्या बाईकडे लोक अदबीनं येऊन पाठ करून बसतात, ही काही लहान गोष्ट नव्हे.

भोजराज किरनापुरच्या एका राइस मिलमध्ये हमाल होता. सव्वीस वर्षं पोती वाहिलेला माणूस. दिवाळीनंतर नवं धान यायला लागलं आणि त्याच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या फऱ्याखाली कळ उठली. खोकला आला की तो बरगडीवर हात दाबून धरायचा. लांब श्वास घ्यायला गेला की अर्ध्यात कुणीतरी आतून टाचणी टोचल्यासारखा थांबायचा. संध्याकाळी अंगही थोडं तापायचं. पण पोती उचलणाऱ्याची पाठ दुखली तर त्यात विचारायचं काय? पोतं उचलताना वाकडं झालं, चमक भरली. मिलमधले बोलले, शेजारी बोलले, भोजराज स्वतः बोलला. लचक वाकताना दुखते, उठताना दुखते, हे मात्र श्वास घेताना दुखतं आहे, एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. सर्वांत आधी यायला हवी होती ती मैनाबाईच्या, कारण तीस-पस्तीस वर्षं ती पाठीच बघत आली होती.

तर सात सकाळी लात बसली. सात वेळा आधी पाया पडणं, सात वेळा नंतर. आणि आठव्या दिवशी भोजराज उठला, खाटेवर बसून त्यानं खांदे फिरवले, खोकून बघितलं आणि म्हणाला, "मैना, गेली वं! कायच नाई दुखत!"

मैनाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं त्या दिवशी रव्याचा शिरा केला. हापशीवर, दुकानात, भेटेल त्या बाईला सांगितलं. घरच्या माणसाला गुण येत नाही म्हणतात, पण आला!

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस तिला पुढे पुन्हा पुन्हा आठवायचे होते, एकेक करून. भोजराज पोतं अर्ध्या वाटेत खाली ठेवायला लागला. मिलमधून घरी चालत येताना रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर बसायला लागला. झोपताना फक्त उजव्या कुशीवर झोपायचा, डाव्या कुशीला वळला की दचकून उठून बसायचा. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी. पँट कमरेवर राहीना म्हणून सुतळी बांधली. दुखतं का? नाही, दुखत नाही. मग कसलं काय, चमकेनं अंगातली ताकद ओढून नेली असेल, असं म्हणत मैनाबाई त्याला उकडलेली अंडी आणि मेथीचे लाडू चारत राहिली. दुखत नाही ना, मग झालं.

श्रुतिका किरनापुरच्या कॉलेजात शिकत होती. मराठी तिला समजायची, पण तोंडात हिंदी. एका सकाळी बाप तिला काहीतरी सांगत होता आणि तिनं पुस्तक खाली ठेवलं.

"आई, पापा बोलते बोलते रुक रहे हैं. सुन तो."

भोजराज म्हणत होता, "माझा तो... निळा... शर्ट..." आणि एवढ्या तीन शब्दांत त्यानं तीनदा श्वास घेतला. मैनाबाई चुलीपुढून उठून आली. त्याच्या गळ्याजवळचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. हे असं किती दिवस चाललं होतं? ती रोज त्याच्याच शेजारी होती आणि तिला दिसलं नव्हतं. श्रुतिकानं कुणाला विचारलं नाही. बापाच्या पायात चपला घातल्या आणि सकाळच्या बसमध्ये बसवून त्याला थेट बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मैनाबाई मागून चढली. दुखणं नसताना दवाखाना कशाला, हे ती अर्ध्या रस्त्यापर्यंत बोलत होती. मग नवऱ्याचे ओठ बघून गप्प झाली. त्यांचा रंग जांभळट झाला होता.

तिथं डॉक्टर म्हणून जी पोरगी होती ती श्रुतिकापेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. नाव आम्रपाली. आजोळ भंडाऱ्याकडचं, त्यामुळे मैनाबाईनं तोंड उघडताच ती मराठीत बोलायला लागली. तिनं भोजराजला ऑक्सिजनची नळी लावली, स्टुलावर बसवलं, पाठीवर एक हात आडवा ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करत खाली खाली गेली. डाव्या बाजूला पोकळ आवाज आला. उजव्या बाजूला आवाजच येईना, नुसतं ठप, ठप.

"भरल्या पोत्यावानी... वाजून राह्यलं," भोजराज धापा टाकत म्हणाला. हमाली करता करता पोतं भरलंय की रिकामं हे बोट मारून ओळखायची सवय. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

एक्सरे आला. त्यांनी तो उजेडाच्या पाटीवर लावला आणि मैनाबाईला जवळ बोलावलं. डावीकडे काळं, त्यात बरगड्यांच्या रेघा. दुसऱ्या बाजूला, वरचा चार बोटांचा तुकडा सोडला तर सगळं पांढरं. चुना फासल्यासारखं.

"हे फुप्फुस," काळ्यावर बोट ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आन् हे दुसरं."

"कुठी आहे?"

"दबून गेलं जी काकू. त्याच्या भोवताल पाणी भरलं. दोन लिटरच्या आसपास असन."

मैनाबाई त्या पांढऱ्याकडे बघत राहिली. दोन लिटर म्हणजे शेतात नेतात ती पाण्याची बाटली, काठोकाठ. ती या माणसाच्या छातीत होती आणि तो ती घेऊन पोती उचलत होता.

"मी त्याइले गरम पाणी पाजत होती रोज," ती कशीबशी म्हणाली. "तेच का?"

"नाई, नाई. पेलेलं पाणी तिकडं जात नाई. हे आतल्या सुजेनं पाझरते."

सोनोग्राफीच्या यंत्रानं पाठीवर जागा बघितली, पेनानं खूण केली. भोजराजला टेबलावर उशी देऊन पुढं ओणवं बसवलं. आधी बधिर करायचं इंजेक्शन, मग दोन बरगड्यांच्या मधून सुई. बायकांना बाहेर थांबा म्हटलं तेव्हा श्रुतिका गेली. मैनाबाई जागची हलली नाही, आणि तिला हलवायची कुणाची हिंमतही झाली नाही. तिनं बघितलं. पेनाची खूण बरोबर तिथं होती जिथं सात सकाळी तिची टाच टेकली होती. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. नळीतून पिवळं पाणी आलं, फिक्या चहासारखं, आणि बाटलीत चढत गेलं. पाव. अर्धी. पाऊण. मैनाबाईला वाटलं आता थांबेल, आता थांबेल. बाटली भरली तरी ते येतच होतं. तिनं भिंत धरली. इतकं पाणी याच्या आत होतं आणि आपण ह्याला शिरा चारला!

दुसरी बाटली अर्ध्यावर आली तेव्हा भोजराजला खोकल्याची ढास लागली. डॉक्टरीणबाईंनी लगेच नळी बंद केली.

"अजून आहे नं आत?" मैनाबाईनं विचारलं.

"आहे. पण आज एवढंच. दबलेलं फुप्फुस एकदम फुगलं तं त्यातच सूज येते. उरलं ते मंग पाहू."

भोजराज सरळ बसला. त्यानं एक श्वास घेतला. मग दुसरा, लांब, थांबत थांबत. आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा एक अख्खं वाक्य न थांबता बोलला. "मैना, मले भूक लागली आहे वं, काई आणलं का तू?"

मैनाबाईला हसावं की रडावं कळेना. ती रडली.

खरा धक्का अजून यायचाच होता, आणि तो आणला भोजराजनंच, मोठ्या कौतुकानं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. ताप कधीपासून, खोकला कधीपासून, वजन किती उतरलं, असं एकेक विचारत लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, "आन् दुखत किती दिवस होतं?"

"दुखण्याचं नका इचारू मॅडम," भोजराज खुशीत म्हणाला. "ते तं हिनं सात दिवसात उतरवलं. पायाळू आहे आमची."

आणि त्यानं सगळं सांगितलं. उंबरा, टाच, पाया पडणं, आठव्या दिवशीचा शिरा. शेजारच्या खाटेवरचा माणूसही मान वळवून ऐकायला लागला. मैनाबाई पदर सारखा करून बसली होती. आता ही शिकलेली पोर हसणार, नाहीतर रागावणार. दोन्हींना उत्तर तयार होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि आपले दोन तळवे एकमेकांवर ठेवले.

"काकू, हे पाहा. फुप्फुसावर एक पातळ पापुद्रा असते, आन् बरगड्याइले आतून दुसरा. बिमारीनं ते सुजले का श्वास घेतल्यावर एकमेकाले घासतात." त्यांनी तळवे घासले. "मंग टोचल्यावानी दुखते. बरोबर?"

"हौ."

"आता मधात पाणी भरलं." त्यांनी तळवे हळूहळू दूर नेले. "घासणं बंद. दुखणं बंद."

मैनाबाई त्या दोन तळव्यांमधल्या मोकळ्या जागेकडे बघत होती. तिला समजलं होतं, पण समजून घ्यायचं नव्हतं.

"म्हणजे ज्या दिवशी हे म्हणाले का गेली..."

"त्या दिवशी पाणी भरलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते बरं होणं नव्हतं जी. ते वाढणं होतं."

मैनाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आठव्या दिवसाची सकाळ तिच्या डोळ्यांपुढे आली. खाटेवर खांदे फिरवणारा नवरा आणि कढईत रवा भाजणारी आपण. दुखणं जातं म्हणजे माणूस बरा होतो, यावर तिचा जन्म उभा होता. दुखणं असं चोरपावलांनीही जातं, आणि जाताना माणसालाच सोबत न्यायला निघतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं का?

"माझ्या लातीनं पाणी झालं का?" तिनं विचारलं. बाई रोखठोक होती, स्वतःच्या बाबतीतही.

"नाई. लातीनं झालं नाई आन् लातीनं गेलंबी नाई. फकत तीन हप्ते गेले." डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आता आले तुमी. टाइमात आले. आपण करू बरं."

त्या गेल्या. श्रुतिका बापाला खिचडी भरवायला लागली. मैनाबाई खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसली होती, आणि तिथं बसल्या बसल्या तिला विमलाबाई आठवली.

विमलाबाई म्हणजे किरनापुरच्या प्रेमलाल शिंप्याची बायको. नऊ वर्षं झाली असतील. तीस-बत्तीसची, काळीसावळी, मोठ्यानं हसणारी. डाव्या बाजूला चमक भरली म्हणून नवऱ्याच्या सायकलवर बसून पाच सकाळी आली होती. श्वास घेताना अडते, असं तिनं पहिल्या दिवशी उंबऱ्यावर बसण्याआधी अंगणातच मैनाबाईला सांगितलं होतं. खोकली की बरगडी धरायची. चौथ्या दिवशी दुखणं पार गेलं. पाचव्या दिवशी नियम मोडून मागं वळून हसली होती, मैनाबाई तिला रागावली होती. दोन-अडीच महिन्यांनी ती गोंदियाच्या दवाखान्यात वारली. गावात म्हणाले, तापानं गेली.

आणि तेराव्याला मैनाबाई त्यांच्या घरी गेली होती. दहा बायकांमध्ये बसून, प्रेमलालच्या तोंडावर ती बोलली होती, "काई म्हणा, माझ्या लातीनं बिचारीची चमक तं गेली होती. त्या दुखण्यातून तं सुटली."

ते वाक्य तिला आता जसंच्या तसं ऐकू आलं. तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. श्रुतिकानं खिचडीचा चमचा खाली ठेवून विचारलं, "क्या हुआ आई?"

तपासण्यांचे कागद चार दिवसांनी आले. टीबी. फुप्फुसाच्या आवरणाचा. भोजराजनं तो शब्द ऐकला आणि भिंतीकडे तोंड केलं, पण डॉक्टरीणबाईंनी त्याला तसं पडू दिलं नाही. सहा महिने गोळ्या, एकही दिवस न चुकवता. रोज दहा-दहा वेळा छाती भरून श्वास घ्यायचा आणि हळूहळू सोडायचा, म्हणजे ते पापुद्रे एकमेकांना चिकटून जाड होणार नाहीत. उरलेलं थोडं पाणी त्यांनी आणखी एकदा काढलं. मैनाबाईच्या आणि श्रुतिकाच्याही तपासण्या झाल्या, दोघी चांगल्या निघाल्या. बाराव्या दिवशी भोजराज घरी आला, बसस्टॉपपासून अंगणापर्यंत चालत, मोरीवर न बसता.

गाव बघायला लोटलं. आणि गावाचं डोकं कसं चालतं बघा! मैनाबाईनं सगळं जसं झालं तसं सांगितलं. तळवे घासून दाखवले, लांब नेऊन दाखवले. शेजारचा तेजराम शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पण वहिनी, तुमच्या लातीनंच ते पाणी एका जागी गोळा झालं असन. तवा तं मॅडमले सापडलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. जन्मभर जे ऐकून तिला गोड वाटायचं तेच आज तिला ऐकवेना. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत उंबऱ्यावर दोघं जण पाठ करून बसलेले होते. तिनं दार उघडलं नाही. आतून कडी धरून उभी राहिली ती ते उठून जाईपर्यंत.

भोजराजच्या पुढच्या गोळ्या आणायला किरनापुरला जायचं होतं. श्रुतिका म्हणाली मी आणते. मैनाबाई म्हणाली, नाही, मीच जाणार. गोळ्या घेऊन झाल्या आणि ती बाजारातल्या गल्लीत, प्रेमलालच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिली. नऊ वर्षांत ती या दुकानावरून शंभर वेळा गेली असेल. प्रेमलाल मशीनवर शाळेचा गणवेश शिवत होता. केस पांढरे झाले होते. दुसरं लग्न त्यानं केलं नव्हतं.

"या जी, मैनाबाई. बसा. भोजराजची तब्येत कशी आहे?"

ती बसली नाही. बसली असती तर बोलता आलं नसतं.

"भाऊ, मले तुमाले एक सांगायचं आहे," ती म्हणाली. "विमलाची चमक माझ्या लातीनं नव्हती गेली. तिच्या छातीत पाणी भरलं होतं. आमच्या याइच्या भरलं तसंच. दुखणं गेलं म्हणून आपण खूश झालो आन् तिकडं पाणी वाढत गेलं. मले मालूम नव्हतं भाऊ. मायच्यान मालूम नव्हतं. मी तेराव्याले तुमच्या घरी बसून काय बोलली ते..."

प्रेमलालचा पाय मशीनवरून उतरला. ती वाट बघत होती, तो ओरडेल, दुकानातून हाकलेल. तिनं मनाची तयारी केली होती.

"मले मालूम आहे," प्रेमलाल म्हणाला.

मैनाबाईला वाटलं तो भोजराजबद्दल बोलतोय.

"गोंदियाच्या डॉक्टरनं सांगतलं होतं मले तवाच," तो खाली बघत म्हणाला. "हेच. दुखणं गेलं तवा आणलं असतं तं वाचली असती. फोटो दाखवला होता. पांढरा होता साराच."

नऊ वर्षं! हा माणूस हे नऊ वर्षं घेऊन बसला होता! तेराव्याला तिचं ते वाक्य ऐकून घेतलं होतं त्यानं, सगळं माहीत असून. आणि त्यानंतर तिच्या उंबऱ्यावर किती पाठी येऊन बसल्या असतील?

"मंग काहून नाई सांगतलं मले?" तिचा आवाज चढला. "एका शब्दानं सांगतलं असतं तं मी त्याइले पैल्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं! आणखी कोण कोण गेलं असन माझ्या लातीनं खूश होऊन, ते तुमी सांगान का मले?"

"कोणत्या तोंडानं सांगू जी?" प्रेमलालनं वर बघितलं. डोळे कोरडे होते. "ते पैल्याच दिवशी म्हणत होती, मले बालाघाटले न्या, श्वास अडून राह्यला. मीच म्हणलो, लगनसराई आहे, दुकानात काम पडलं आहे. पाच दिवस मैनाबाईची लात खा, उतरते. मीच आणलं तिले सायकलवर. तुमाले ते पाण्याचं सांगतलं असतं, तं हेबी सांगा लागलं असतं."

मैनाबाईचा राग तिथंच बसला. ती खाली, चिंध्यांच्या ढिगाशेजारी टेकली. एक बाई पोराचा शर्ट न्यायला आली, त्यांच्याकडे बघून नंतर येते म्हणाली.

"उद्या सकाळी मी दार उघडीन," मैनाबाई शेवटी म्हणाली. "आतून कडी लावून बसलं तं ते दुसऱ्या पायाळूकडे जातीन. जो कोणी पाठ करून बसन, त्याले मी आधी तोंड माझ्याकडे कराले लावीन. लांब श्वास घे म्हणीन. श्वासाले दुखलं, नाईतं दुखून थांबलं आन् आता धाप लागते म्हणाला, तं पाय नाई लावत. सिधा दवाखाना."

"आयकतीन ते?"

"नाई आयकत. तेजराम नाई आयकत तं बाकीचे काय आयकतीन." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणून मी त्याइले विमलाचं सांगीन. तिचं नाव घेऊन. कशी हसत गेली आन् काय झालं, सारंच. त्याच्यासाठीच इचाराले आली मी तुमाले. तुमचं नाव नाई घेत. सायकलचं नाई सांगत."

प्रेमलालनं मशीनवरचा गणवेश काढला, घडी केली, पुन्हा उलगडली.

"घ्या," तो म्हणाला. "माझंबी नाव घ्या जी. लगनसराईचंबी सांगा."